आजचं लिंबू किती आंबट

३ मार्च, मंगळवार

डायरी लिहायची मला सवय नाही. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर हाताला लागली ती लिंबं आणि साखर. पण आज मनात जे आहे ते सांगायला घरात माणूस नाही, म्हणून ही वही.

आमच्या बारला या महिन्यात तीस वर्षं होतात. चौदा खुर्च्या, एक लांब लाकडी काउंटर आणि मागे माझी खोली. खोली म्हणजे शेगडी, मोरी, खिडकी आणि लिंबाच्या टोपल्या. पुढे हे, मागे मी. लोक येतात ते यांच्या गिमलेटसाठी. साठ मिली जिन, वीस मिली लिंबाचा रस, वीस मिली साखरेचा पाक, बर्फ घालून शेकरमध्ये हलवायचं आणि गाळून द्यायचं. एवढंच. पण लोक म्हणतात, ना जास्त गोड ना जास्त आंबट, असं दुसरीकडे मिळत नाही. मालकांचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. रस मी पिळते, पाक मी करते. त्याचं काही नाही, भांडीही मीच घासते.

आता यांच्या मनगटाची शीर धरली. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, शेकरला हात लावायचा नाही. मी मनात म्हटलं, तीस वर्षं दाराच्या फटीतून बघतेय, डोळे मिटून करीन. उभं राहायला सोयीच्या म्हणून गुपचूप नव्या चपलाही आणल्या. आणि काल जेवताना हे म्हणतात कसे, "मी धाकटीला विचारलंय. उद्यापासून ती काउंटरवर."

धाकटी म्हणजे माझी जाऊ, यांच्या भावाची बायको. औषधांच्या कारखान्यात पंचवीस वर्षं तपासणीच्या खोलीत होती, आता निवृत्त. शिकलेली, टापटीप, बोलायला गोड.

"तिला जमेल?" मी विचारलं.

"तिचं आयुष्य मापात गेलंय," हे म्हणाले. "चुकायची नाही."

माझं आयुष्य कशात गेलं ते कुणी विचारलं नाही. चपला पलंगाखाली सरकवल्या.

६ मार्च, शुक्रवार

धाकटी पांढरा एप्रन घालते, खिशाला पेन. चार दिवसांत लोक तिला मॅडम म्हणायला लागले. मी तीस वर्षं 'आतल्या बाई' आहे.

दातांचे डॉक्टर रोज एक ग्लास घेतात. आज दुसरा मागितला. भूमितीच्या बाई, ज्यांनी शाळेत दोन पिढ्यांना कोन मोजायला लावले, त्या म्हणाल्या, "मालक, तुमच्या भावजयीचा हात तुमच्याहून हलका आहे हो." हे हसले. यांच्या जागी मी असते तर हसले नसते. हे मात्र कौतुकानं बघत होते, जसं नव्या स्कूटरकडे बघतात.

मध्येच धाकटी दार लोटून म्हणाली, "ताई, जरा बाहेर या ना. लोकांना भेटा."

मिरवायचं असेल, दुसरं काय. माझे हात रसाचे होते, तसं सांगितलं. नव्हते. धुऊन पुसून झाले होते.

९ मार्च, सोमवार

आज नाकाला मिरच्या झोंबल्या.

सकाळी धाकटी माझ्या खोलीत आली ती पिशवी घेऊन. पिशवीतून वजनकाटा निघाला आणि एक लांब काचेची नळी. ती पाकात सोडली की तरंगते आणि गोडी किती ते आकड्यात कळतं म्हणे.

"ताई, राग मानू नका," ती म्हणाली. "पाक रोज वेगळा येतोय. मंगळवारी पातळ होता, शुक्रवारी दाट, काल मधेच."

"बरं मग?"

"तुम्ही साखर वाटीनं घेता. वाटी कधी शिगेची, कधी सपाट. वजनानं घेतली तर रोज एकसारखा होईल."

मी यांच्याकडे पाहिलं. हे दारात उभे, पट्टी बांधलेला हात छातीशी. म्हणाले, "ती म्हणते तसं कर की. एकसारखं असलेलं बरं."

तीस वर्षांत माझ्या पाकाला नाव ठेवणारं हे पहिलं माणूस. वाटी शिगेची होते ती माझ्या हातून होते, वाटी आपोआप थोडीच भरते. म्हटलं, घ्या तुमचं वजन.

१० मार्च, मंगळवार

पाचशे ग्रॅम साखर, पाचशे ग्रॅम पाणी. काटा बरोबर पाचशेवर येईपर्यंत दाणा दाणा घातला, काढला. लिंबाच्या रसाला बोट लावलं नाही. रोजच्या सवयीनं बोट पुढे झालं होतं, मागे घेतलं. आपल्याला काय करायचंय. शिकलेल्यांचं राज्य आहे.

१३ मार्च, शुक्रवार

बुधवारी लिंबाची नवी गोणी उघडली. हिरवी, टणक, अंगठ्यानं दाबली तर दबत नाहीत. पाक तोच, पाचशेला पाचशे. संध्याकाळी दातांच्या डॉक्टरांनी पहिला घोट घेतला आणि त्यांचं तोंड त्यांच्याच खुर्चीतल्या पेशंटसारखं झालं.

काल खालची जुनी टोपली संपवली, पिवळी पडलेली मऊ लिंबं. पाक तोच. भूमितीच्या बाईंनी अर्धा ग्लास सोडला. "हे खोकल्याचं औषध आहे," म्हणाल्या.

मला आनंद झाला. लिहितेच, इथे खोटं कशाला. फटीला डोळा लावून उभी होते आणि अंगभर गार वाटलं.

१६ मार्च, सोमवार

सकाळी धाकटी पुन्हा आली. काटा आणला नव्हता. माझ्या स्टुलावर बसली, मी उभीच.

"ताई, पाक आता एकसारखा आहे. आणि गिमलेट रोज बिघडतंय. आधी पाक रोज वेगळा होता तेव्हा गिमलेट एकसारखं लागत होतं." ती थांबली. "तुम्ही आधी काय करत होता?"

"काही नाही. करायचंय काय त्यात? रस जिभेवर घ्यायचा. आंबट असला की वाटी शिगेची. मवाळ असला की पाणी थोडं वाढवायचं. आमटीत मीठ बघून घालतो तसं."

"रोज?"

"रोज म्हणजे काय. गोणी बदलली की दिवसातून दोनदा."

"दादांना माहीत आहे?" दादा म्हणजे आमचे हे.

"त्यांना कशाला सांगायचं? त्यांचं माप ठरलेलं. त्यांच्या मापाला बसेल असं करून द्यायचं."

धाकटीनं माझी साखरेची वाटी उचलून बघितली. मग हळू म्हणाली, "तीस वर्षं?"

मला कळतं टोमणा. अडाणी बाईनं तीस वर्षं अंदाजपंचे कारभार केला, असंच म्हणायचं असणार. वर म्हणते, "मला शिकवा. माझी जीभ कारखान्याच्या वासात कामातून गेली. तिला आंबट आणि जास्त आंबट यातला फरक कळत नाही. तुम्ही पूर्वीसारखा करा, मी नुसतं शेजारी बसून लिहून घेते."

म्हणजे पुढचं घेतलं, आता मागचंही हवं. एवढं एक होतं माझ्याकडे. पण हे दारातून ऐकत होते, नाही कसं म्हणणार.

१९ मार्च, गुरुवार

तीन दिवस पूर्वीसारखा पाक करतेय. धाकटी शेजारी बसते. माझं बोट जिभेला लागलं की विचारते, "किती?" मी म्हणते, "कालच्याहून बोचरं." ती रसात कागदाच्या पट्ट्या बुडवते, थेंब थेंब काही घालते, नळी सोडते आणि आकडे लिहिते. वही भरत आली.

गिमलेट जागेवर आलं. आणि लोक काय म्हणतात? "मॅडमचा आता हात बसला." पाण्यात बघणं म्हणजे काय ते मला या वयात कळतंय. तिच्या एप्रनची घडीसुद्धा बघवत नाही.

आज दुपारी ती यांना म्हणताना ऐकलं, "दादा, शनिवारी सगळे जमतील तेव्हा मला दोन मिनिटं बोलायचंय."

"काय बोलणार?"

"ते तेव्हाच."

हे म्हणाले, "बरंच झालं. मलाही शनिवारी सांगून टाकायचंय, पुढे काउंटर कोण सांभाळणार ते."

शनिवारी बारला तीस वर्षं होतात. आणखी उलगडून कशाला सांगायला हवं? दोघांचं ठरलंय. ती आभाराचं भाषण करणार आणि मी मागे लिंबाच्या साली गोळा करणार.

२२ मार्च, रविवार

कालचं सगळं लिहिते. क्रमानं लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटायचं नाही.

दुपारी धाकटी म्हणाली, "ताई, आज पाक मी करते. तुम्ही फक्त लिंबू किती आंबट ते सांगा." आकड्यांची वही शेगडीशेजारी उघडी ठेवली होती.

मी बोट बुडवलं. लिंबू असं होतं की कानामागे झिणझिण्या आल्या. त्या हिरव्या गोणीहूनही चढं.

मी म्हटलं, "आज मवाळ आहे. साखर बेतानं घाल."

तिनं मान वर केली नाही. लिहिलं. मला वाटलं पट्टी बुडवेल, पण नाही बुडवली. म्हणाली, "तुमच्यापुढे पट्टी काय." आणि पातळ पाक केला.

ती ग्लास पुसायला बाहेर गेल्यावर मी दुसरा पाक चढवला, चांगला दाट. पातेलं खिडकीत झाकून ठेवलं. मनात सगळा बेत तयार होता. ग्लास फसले की मी बाहेर येणार.

साडेसहाला चाळीसएक माणसं होती, निम्मी उभीच. पहिले वीस ग्लास एकदम गेले. मी फटीशी. एकेकाचे डोळे बारीक झाले. दोघातिघांनी ग्लास काउंटरवर परत ठेवले. यांनी डाव्या हातानं ग्लास उचलला, घोट घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तीस वर्षांत इथून असा ग्लास गेला नाही. तुझं माप तुझ्या कारखान्यात ठेव."

धाकटीच्या हातात घडी घातलेला कागद होता. तिनं तो एप्रनच्या खिशात सरकवला. माझ्या दाराकडे पाहिलं.

मग मी पातेलं घेऊन बाहेर आले. प्रत्येकाच्या ग्लासात चमच्यानं पाक सोडला, ढवळला. डॉक्टरांनी घोट घेतला आणि म्हणाले, "आतल्या बाईंनी वाचवलं." टाळ्या झाल्या. हे म्हणाले, "उद्यापासून हीच काउंटरवर. दूर शोधत बसलो मी." जे जे हवं होतं ते सगळं दोन मिनिटांत मिळालं.

धाकटी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं पातेल्याला तळहात लावला.

पाक शेगडीवरून उतरला की निवायला दोन तास लागतात. हे लोकांना माहीत नसतं. तिला माहीत होतं, माझ्या शेजारी बसूनच शिकली होती.

"गार आहे, ताई," एवढंच म्हणाली. एप्रन सोडला, काउंटरवर ठेवला आणि गेली.

२३ मार्च, सोमवार

एप्रन धुवायला घेतला. धुणं माझ्याकडेच असतं. खिशात तो कागद निघाला. तिचं अक्षर छापल्यासारखं आहे, म्हणून वाचता आलं. इथे उतरवून ठेवते.

"तुम्ही सगळे म्हणता, इथलं माप कधी बदलत नाही. दादांचं माप बदलत नाही हे खरं. पण लिंबू रोज बदलतं. मी मोजून पाहिलं. लिंबाच्या आंबटपणात जेवढा फरक पडला, पाकाच्या गोडीत दर वेळी तेवढाच फरक होता. मला यासाठी तीन उपकरणं लागली. ताईंना बोट पुरतं. आपण तीस वर्षं ज्यांच्या हातचं पितोय त्यांना आपण एकदाही बाहेर बोलावलं नाही. आज बोलावूया. आणि दादा, काउंटर कुणाचं हे ठरवायच्या आधी मागे कोण आहे ते बघा."

तीन वेळा वाचला. एप्रन बादलीत तसाच राहिला.

२५ मार्च, बुधवार

तीन संध्याकाळी काउंटरवर उभी राहिले. माझ्यासारख्या बाईनं असं लिहू नये, पण जमत नाही. तिसऱ्या शेकरला खांदा भरून येतो. एकाशी बोलायला लागले की दुसऱ्याचा बर्फ वितळतो. पोळपाटावर पोळ्या लाटल्यासारखी मी घाई करते आणि ओघळ काउंटरभर. हे शेजारी उभे राहून हूं हूं करतात.

भूमितीच्या बाईंनी विचारलं, "मॅडम बऱ्या आहेत ना?" आणि त्या क्षणीसुद्धा, सगळं माहीत असून, मला झोंबलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते खोटं नाही.

२६ मार्च, गुरुवार

सकाळी यांना सांगितलं. लिंबू मवाळ म्हटलं तेही, पातेलंही. मग कागद दिला.

वाचून झाल्यावर हे म्हणाले, "म्हणजे माझं माप..."

"माप तुमचंच होतं."

"वीस मिली. वीस मिली काय, कुणीही ओतेल." कपातला चहा तसाच ठेवून उठले. संध्याकाळी काउंटरवर माझ्या हाताकडे असं बघत होते की मला ओळख पटली. तीन आठवडे फटीतून मी असंच बघत होते. आता घरात जळणारी माणसं दोन झाली.

रात्री जेवताना म्हणाले, "शनिवारी मी चुकलो. तिला बोललो ते सगळ्यांसमोर बोललो. काउंटरचं आता तूच ठरव. मला त्यातलं कळत नाही, असं दिसतंय."

२८ मार्च, शनिवार

धाकटीच्या घरी गेले. भाऊजींनी दार उघडलं. एरवी "या वहिनी" म्हणून अख्खी गल्ली ऐकवतात, आज नुसतं आत बघून बाजूला झाले. धाकटी कपाटातली पुस्तकं पुसत होती. पुसतच राहिली.

"मी यांना सगळं सांगितलंय," मी म्हटलं. "बारमध्येही सांगीन. डॉक्टरांना, बाईंना."

"काय सांगाल?"

"की मी खोटं बोलले."

"का बोललात?"

वाटेत उत्तरं तयार केली होती, चार-पाच. ती सगळी बाजूला राहिली. म्हटलं, "तुला मॅडम म्हणतात म्हणून."

तिनं फडकं खाली ठेवलं. हसली नाही. "तुम्ही भांडाल असं वाटलं होतं मला. वजनकाटा फेकाल असंही वाटलं होतं. आंबट सांगायच्या वेळी खोटं सांगाल, हे नव्हतं वाटलं. माझ्या जिभेनं मी रस्ता ओलांडू शकत नाही, ताई. तुमच्या जिभेचा हात धरून चालले होते."

मी बसूनही घेतलं नाही. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. निघताना तिनं विचारलं, "सोमवारी कुठली गोणी उघडणार?"

"नवी. अजून बघितली नाही."

"उघडू नका. मी आल्यावर उघडू."

३० मार्च, सोमवार

दुपारी तीनला आली. स्वतःचा एप्रन घरून आणला होता. सरळ मागच्या खोलीत गेली. हे उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "त्या शनिवारचं माझं बोलणं..." ती म्हणाली, "ऐकलं होतं मी, दादा," आणि गोणी उघडली.

लिंबू पिळलं. मी सवयीनं बोट पुढे केलं. "नको," ती म्हणाली. "आधी मी." पट्टी बुडवली, थेंब मोजले, आकड्यांच्या वहीचं पान उलटून बोट सरकवत गेली आणि साखर वजन करून घेतली. मला विचारलं नाही. पाक निवेपर्यंत दोन तास आम्ही तिघं एका खोलीत बसलो. मी साली चिरल्या. यांनी कधी नव्हे ते ग्लास विसळले, एका हातानं. दोन फुटले.

पाचला तिनं एक गिमलेट केलं. साठ, वीस, वीस. हलवलं, गाळलं आणि ग्लास माझ्यापुढे ठेवला.

"दादा म्हणतात काउंटरचं तुम्ही ठरवणार," ती म्हणाली. "हे चाखून सांगा. बिघडलं असेल तर मी चालले. मला कळणार नाही. तुम्ही काय म्हणाल ते मी लिहीन."

वही उघडी, पेन्सिल टेकवलेली.

मी घोट घेतला. आधी लिंबू आलं, मग साखर, आणि मधे कुठे जोड लागला नाही. आमच्या दोघांच्या तीस वर्षांत असा ग्लास थोड्याच वेळा जमला असेल. आणि हा तिनं एकटीनं केला होता, माझ्या बोटाशिवाय. मला वाटलं होतं, पश्चात्ताप झाला की मन निवळतं. कुठलं काय. आतून पुन्हा तेच पेटलं. थोडं गोड झालंय, एवढंच म्हणायचं होतं. तिला कळलं नसतं, यांनाही कळलं नसतं.

पुन्हा एक घोट घेतला. तसाच होता.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तिनं लिहिलं नाही. माझ्याकडे बघत होती. "काही कमी-जास्त?"

"काही नाही," मी म्हटलं. "आता त्याला हात लावू नकोस."